तटावरची वाट

संसाराच्या धबडग्यांतून मोकळीक मिळाली म्हणजे प्रवासास जाऊं, असें म्हणणारीं जोडपीं आपल्या समाजांत पुष्कळ आहेत. पण मोकळीक मिळाली आहे हें वेळेवर ओळखणारीं थोडीं. मुलांचीं शिक्षणें, मुलींचीं लग्नें, वडील मंडळींचीं दुखणीं, सुनांचीं बाळंतपणें असा एकेक टप्पा ओलांडतां ओलांडतां साठी उलटते, आणि मग "आतां काय, गुडघे चालत नाहींत," असें म्हणून बेत कायमचा बारगळतो. आमचेंहि असेंच झालें असतें. परंतु धाकट्या चिरंजिवांनीं तिकिटें काढूनच हातांत ठेविलीं, आणि ऑक्टोबर महिन्यांत आम्ही उभयतां बारा दिवसांकरितां इटलीस जाऊन आलों. त्या बारा दिवसांतील एकाच दिवसाची हकीकत येथें सांगावयाची आहे. सकाळीं फ्लॉरेन्सहून आगगाडीनें निघावें, पिसा व लुक्का हीं दोन जुनीं शहरें पाहावीं, आणि रात्रीं पुन्हां मुक्कामास यावें, एवढाच तो बेत. बेत लहान खरा. पण घरीं आल्यापासून आमच्या बोलण्यांत जो दिवस वारंवार येतो तो हाच.

फ्लॉरेन्स हें नांव मराठी घरांस अगदींच परकें नाहीं. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं विलायतचा प्रवास आटोपून स्वदेशीं परतत असतां याच शहरीं ३० नोव्हेंबर रोजीं वारले. वय अवघें वीस वर्षांचें. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांस अग्निसंस्कार देण्यांत आला, आणि १८७४ सालीं तेथें छत्रीखालीं त्यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. आदल्या दिवशीं सायंकाळीं आम्ही त्या जागीं जाऊन आलों. महाराजांची त्या प्रवासांतील रोजनिशी १८७२ सालीं लंडनमध्यें छापून प्रसिद्ध झालेली आहे. ज्या गोष्टी आपण 'पुढें पाहूं' म्हणून साठीपर्यंत ढकलीत नेतों, त्या त्या तरुणानें विशींत पाहून टिपून ठेविल्या. घर मात्र त्यास पुन्हां दिसलें नाहीं. तेथून परततांना आमच्यांत फारसें बोलणें झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठाच्या सुमारास आम्ही सांता मारिया नोव्हेला या मुख्य स्टेशनावर आलों. तेथील लोक फ्लॉरेन्सला फिरेंझे म्हणतात व पाट्यांवरहि तेंच नांव असतें, हें नवख्या प्रवाशानें आधींच ध्यानांत ठेवावें. पिसास जाण्याकरितां वेगवान गाडीची मुळींच गरज नाहीं. प्रादेशिक म्हणून ज्या साध्या गाड्या धावतात त्या तासाभरांत पोंचवितात, भाडें बेताचें असतें, आणि जागा आगाऊ राखावी लागत नाहीं. एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. कागदी तिकीट असेल तर गाडींत चढण्यापूर्वीं फलाटाजवळच्या लहान यंत्रांत घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा. तो नसल्यास तिकीट जवळ असूनहि दंड भरावा लागतो.

या लोहमार्गास मोठा इतिहास आहे. त्या वेळीं तोस्काना हें स्वतंत्र संस्थान होतें, आणि त्याचा अधिपति दुसरा लिओपोल्ड याच्या नांवावरून या मार्गास 'लिओपोल्दा' म्हणत. लिव्होर्नो बंदरापासून पिसावरून फ्लॉरेन्सपर्यंतचा हा मार्ग १८४८ सालीं पुरा झाला. आपल्याकडे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. म्हणजे दोहोंत अंतर अवघें पांच वर्षांचें.

गाडी सुटली आणि एक लहानशी गोष्ट ध्यानांत आली. खिडकीजवळ आम्ही समोरासमोर बसलों होतों, आणि असे समोरासमोर आम्ही कित्येक वर्षांत बसलों नव्हतों. एकत्र कुटुंबांत पतिपत्नींचा सहवास अखंड असतो खरा. पण एक जेवावयास बसलेलें असतां दुसरें वाढीत असतें, एक बाहेरून येतें तों दुसरें देवघरांत किंवा आजाऱ्याच्या उशाशीं असतें, आणि रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं जें बोलणें होतें तें वाणसामानाचें, शाळेच्या फीचें व औषधांचें. चौतीस वर्षांच्या संसारांत निव्वळ बाहेर पाहत बसण्याचा तास असा मिळालाच नव्हता. प्रथम काय बोलावें तेंच आम्हांस सुचेना. एम्पोली स्टेशन येईपर्यंत आम्ही घराविषयींच बोललों. आईंचें वय शहाऐंशी. त्यांचें रात्रींचें औषध वेळेवर दिलें जाईल ना? पाण्याचा पंप कोणी बंद करील ना? निघतांना सौ. नें किल्ल्यांचा जुडगा थोरल्या सुनेच्या हातीं दिला होता, तरी तिचा हात राहून राहून कमरेकडे जाई.

पिसाच्या मुख्य स्टेशनापासून तो सुप्रसिद्ध कललेला मनोरा सुमारें अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. ही वाट पायींच चालावी. बाजारपेठेंतून जाऊन आर्नो नदीवरील पूल ओलांडावा, नदीच्या दोन्ही कांठांवरील पिवळसर घरांच्या रांगा पाहाव्या, आणि मग अरुंद गल्ल्यांतून अकस्मात् त्या हिरव्यागार पटांगणांत प्रवेश करावा. तेथें प्रार्थनामंदिर, त्यापुढें बाप्तिस्मागृह, बाजूस दफनभूमीची लांबच लांब ओवरी, आणि मंदिरामागें तो मनोरा, अशा चार संगमरवरी वास्तू हिरवळीवर उभ्या आहेत.

मनोऱ्याचें चित्र लहानपणापासून पाहिलेलें असल्यामुळें त्यांत नवल तें काय वाटावयाचें, असें आम्हांस वाटत होतें. परंतु त्याची हकीकत ऐकल्यावर नवल वाटल्याखेरीज राहत नाहीं. ११७३ सालीं बांधकामास आरंभ झाला. तीन मजले होतात न होतात तोंच खालच्या मऊ मातीमुळें पाया एका अंगास खचूं लागला, आणि काम जवळजवळ शंभर वर्षें बंद पडलें. या विलंबानेंच मनोरा वाचला, असें तज्ज्ञ सांगतात. कारण तेवढ्या काळांत भाराखालची माती दबून घट्ट झाली. एकसारखें बांधीत गेले असते तर तो केव्हांच आडवा झाला असता. पुढें १२७२ सालीं काम पुन्हां सुरू झालें आणि चौदाव्या शतकांत घंटांचा मजला चढला. पण कलणें थांबलें नाहीं. १९३४ मध्यें पायांत भोकें पाडून सिमेंट भरण्यांत आलें, तर कल उलट वाढला. १९८९ सालीं पाव्हिया येथील जुना मनोरा एकाएकीं कोसळून चार माणसें दगावलीं, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले, आणि १९९० च्या आरंभीं पिसाचा मनोरा लोकांस बंद करण्यांत आला.

त्यानंतर तज्ज्ञांच्या समितीनें जो उपाय योजिला तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मनोऱ्यास धक्का दिला नाहीं, ओढून सरळ करण्याचा अट्टाहास केला नाहीं. प्रथम उत्तरेच्या बाजूस शिशाचीं वजनें ठेवून त्यास तोल दिला. आणि मग त्याच बाजूच्या पायाखालची माती बारीक नळ्यांनीं थोडथोडी काढून घेतली. सुमारें साडेचौदा हजार टनांचा तो मनोरा हळूहळू आपण होऊन मागें सरला. त्याचा माथा चाळीस सेंटिमीटरांहून अधिक मागें आल्यावर काम थांबविलें, आणि २००१ च्या डिसेंबरांत दारें पुन्हां उघडलीं. तो अजूनहि कललेलाच आहे, व तसाच ठेवावा हाच हेतु होता. सौ. वर पाहत म्हणाली, "अहो, आपल्या आईंना आपण असेंच सांभाळावें. त्यांचें वळण आतां बदलावयाचें नाहीं. फक्त पडूं द्यावयाचें नाहीं." आम्ही यावर कांहीं बोललों नाहीं, परंतु जेवणाच्या वेळा व सोवळें यांवरून घरांत होणारे कांहीं खटके आमच्या डोळ्यांपुढें उभे राहिले.

मनोऱ्यावर चढण्याचा मोह आम्ही टाळला. पायऱ्या पुष्कळ, त्याहि झिजलेल्या. त्याऐवजीं जवळच्या गल्लींत शाकाहारी माणसास निःशंकपणें खातां येईल असा एक पदार्थ सांपडला. त्यास तेथें 'चेचिना' म्हणतात. हरभऱ्याचें पीठ पाण्यांत सैल कालवावयाचें, त्यांत ऑलिव्हचें तेल व मीठ घालावयाचें, मोठ्या उथळ परातींत ओतून भट्टींत भाजावयाचें, आणि वर मिरपूड भुरभुरवून कापून द्यावयाचें. आमच्या धिरड्याची व पिठल्याच्या वडीची ही दूरची बहीण पाहून सौ. स माहेरचें माणूस भेटल्यासारखें झालें. "किंचित् हिंग हवा होता," एवढाच तिचा अभिप्राय.

लुक्कास जाण्याकरितां मुख्य स्टेशनावर परत जावें लागत नाहीं. पटांगणापासून थोड्याच अंतरावर सान रोस्सोरे नांवाचें लहान स्टेशन आहे, तेथें लुक्काची गाडी थांबते. याच स्टेशनाजवळ १९९८ मध्यें खोदकाम चालू असतां रोमन काळचीं जहाजें चिखलांत गाडलेलीं सांपडलीं. पिसा ते लुक्का हा लोहमार्ग १८४६ सालचा. त्या वेळीं लुक्का हें निराळें संस्थान होतें व पुढच्याच वर्षीं तें तोस्कानांत विलीन झालें. म्हणजे आरंभीं ही अर्ध्या तासाची गाडी एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जात असे. आज वाटेंत शेतें, ऑलिव्हचीं झाडें व डावीउजवीकडे टेकड्या एवढेंच दिसतें.

लुक्काचें स्टेशन गांवाबाहेर आहे, आणि बाहेर पडतांच समोर गांवाचा तट दिसतो. आपल्याकडे तट म्हटला म्हणजे पडके बुरूज व बोरीबाभळी डोळ्यांपुढें येतात. येथील तट सोळाव्या व सतराव्या शतकांत बांधला. त्याचा घेर चार किलोमीटरांहून कांहींसा अधिक असून तो संपूर्ण गांवाभोंवतीं आजहि अखंड उभा आहे. विटांचें बाहेरचें कवच व आंत मातीची भर, असा तो इतका रुंद आहे कीं, त्याच्या माथ्यावर झाडांच्या रांगा, हिरवळ व प्रशस्त रस्ता सहज मावतात. आश्चर्याची गोष्ट ही कीं, इतक्या खटाटोपानें बांधलेल्या या तटावर शत्रूनें कधीं हल्लाच केला नाहीं. तो एकदां उपयोगीं पडला तो १८१२ सालीं, सेर्किओ नदीस महापूर आला तेव्हां. वेशीचे दरवाजे घट्ट लावून पाणी बाहेरच अडविलें. त्या वेळची अधिपति एलिझा, म्हणजे नेपोलियनची बहीण, बाहेर अडकली होती. दरवाजा उघडतां येईना म्हणून तिला यारीनें तटावरून आंत उतरविलें, अशी कथा तेथें सांगतात.

पुढें तोफांचे दिवस पालटले आणि असले तट निरुपयोगी ठरले. युरोपांतील कित्येक शहरांनीं आपले तट पाडून त्या जागीं रस्ते केले. लुक्कानें तसें केलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत तोफांची ती जागा गांवकऱ्यांस फिरावयास मोकळी करून दिली. आज तेथें मुलें सायकली फिरवितात, आजोबा बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतात, तरुण आया बाबागाड्या ढकलीत जातात. पहारा करणें हें तटाचें काम संपलें. परंतु त्यानें गांव सोडला नाहीं, आणि गांवानेंहि त्याला सोडला नाहीं. नवें काम मात्र त्याला कोणीतरी विचार करून नेमून द्यावें लागलें.

त्या तटावर एका झाडाखालीं बसून दुपारीं तीन वाजतां आम्ही घरीं दूरध्वनि केला. त्या दिवसांत तेथील घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागें असतें. म्हणजे घरीं दिवेलागणीची वेळ. थोरली सून म्हणाली, "आई, इकडची मुळींच काळजी करूं नका. आजींनीं जेवणांत दोन घास जास्त खाल्ले. पंपाची चावी मीं बदलून घेतली. उद्यां भिशीच्या बायका यायच्या आहेत, त्यांना काय करायचें तेंहि ठरवलें." सौ. नें विचारिलें, "अगं, पण मोठें पातेलें माळ्यावर आहे." "तें मीं कालच काढलें," असें उत्तर आलें. संभाषण संपलें, आणि सौ. कांहीं वेळ गप्प बसली. आमच्यावांचून घर अडलें नव्हतें. याचा आनंद व्हावयास हवा होता, तो झालाहि. पण ज्या घरांत आपल्यावांचून पातेलें हलत नव्हतें, तेथें तें आतां सहज हलतें, हें कळल्यावर मनांत जें होतें त्यास निवळ आनंद म्हणतां येत नाहीं. आमचीहि स्थिति वेगळी नव्हती. बँकेचें काम धाकट्यानें परभारें उरकलें होतें, आणि तें आम्ही करीत होतों त्याहून नीटनेटकें झालें होतें.

आम्ही उठून तटावरून चालूं लागलों, आणि थोड्या वेळानें गांवांत उतरलों. तेथें एक लंबवर्तुळाकृति चौक आहे. मूळ तें रोमन लोकांचें क्रीडांगण. रोमन राज्य लयास गेल्यावर लोकांनीं त्याच्याच कमानींचा आधार घेऊन भोंवतीं घरें बांधलीं. मधली जागाहि घरांनीं भरून गेली. १८३० च्या सुमारास लोरेंझो नोत्तोलिनी या शिल्पज्ञानें मधलीं बांधकामें काढून टाकून चौक मोकळा केला, पण भोंवतालचीं घरें राहूं दिलीं. त्यामुळें आज क्रीडांगण नाहीं, पण त्याचा आकार घरांच्या रांगेनें जसाच्या तसा धरून ठेविला आहे. खिडक्यांत धुणें वाळत होतें, एका गच्चींत कोणी आजीबाई फुलझाडांस पाणी घालीत होत्या.

सान मार्तिनो या मुख्य प्रार्थनामंदिरांत इलारिया देल कारेत्तो हिची समाधि आहे. लुक्काचा अधिपति पाओलो ग्विनीजी याची ही पत्नी १४०५ सालीं बाळंतपणांत वारली. याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकारानें संगमरवरांत तिची निद्रिस्त मूर्ति घडविली असून पायांशीं तिचा कुत्रा मान वर करून तिच्याकडे पाहत आहे. वस्त्राच्या चुण्या इतक्या मृदु आहेत कीं, वारा आला तर हलतील असें वाटावें. सौ. तेथें बराच वेळ उभी होती. आमच्या चुलत आजींविषयीं ती बोलली. त्या दुसऱ्या बाळंतपणांत गेल्या. त्यांचें माहेरचें नांव काय होतें हें आज घरांत कोणासहि सांगतां येत नाहीं. एका परक्या देशांतील तरुण बाईचें नांव सहाशें वर्षें उच्चारलें जातें, आणि आपल्याच घरांतील नांव तीन पिढ्यांत पुसलें जातें. आईंस आठवत असेल तोंवर विचारून लिहून ठेवावें, असें आम्हीं तेथेंच ठरविलें.

परतीची गाडी निराळ्या मार्गानें जाते. लुक्काहून पिस्तोइया व प्रातो हीं गांवें घेत ती सुमारें दीड तासांत फ्लॉरेन्सला पोंचते. पिस्तोइयाजवळ रुळांच्या दोन्ही अंगांस रोपवाटिकांच्या रांगाच रांगा दिसतात. प्रातो येथें फ्रान्चेस्को दातीनी नांवाचा व्यापारी चौदाव्या शतकांत होऊन गेला. व्यापारानिमित्त तो कधीं फ्लॉरेन्सला तर कधीं पिसास राही. त्याची पत्नी मार्गेरीता प्रातोचें घर सांभाळी. आणि दोघें एकमेकांस पत्रें लिहीत. आरंभीं ती दुसऱ्याकडून लिहवून घेई, पुढें प्रौढपणीं स्वतः लिहावयास शिकली. दातीनीचे कागद १८७० सालीं त्याच्या जुन्या घरांत सांपडले. पत्रेंच दीड लाखांच्या घरांत आहेत. पतिपत्नींच्या पत्रांत घरखर्च, नोकर, धान्य यांचाच मजकूर भरलेला आहे. हें ऐकून सौ. हंसली. "म्हणजे सहाशें वर्षांपूर्वींहि पिठाचेंच बोलणें," ती म्हणाली, "पण निदान त्यांनीं तें लिहून तरी ठेविलें." मग खिडकीबाहेर अंधार पडत असतां ती सहज म्हणाली, "अहो, घरीं गेल्यावर किल्ल्या परत मागावयाच्या नाहींत, असें मीं ठरविलें आहे."

हे शब्द उच्चारावयास सोपे नाहींत, हें ज्या वाचकभगिनींच्या कमरेस असा जुडगा असेल त्यांस सांगावयास नको. आम्हींहि त्याच गाडींत बँकेचें काम धाकट्याकडेच राहूं द्यावयाचें ठरविलें. या दोन गोष्टी घरच्या दिवाणखान्यांत बसून आम्हांस ठरवितां आल्या असत्या काय, याची आम्हांस शंका आहे. तेथें प्रत्येक वस्तु आपलें काम आपणांसच सांगत असते. जुन्यापान्या गाडींत, परक्या मुलखांत, एकमेकांसमोर तासन् तास बसल्यावरच तीं बोलणीं निघालीं.

म्हणून आमच्या वाचकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. ज्या घरांत असें प्रौढ जोडपें असेल तेथील मुलासुनांनीं त्यांस जबरीनें चार दिवस बाहेर धाडावें. इटलीच पाहिजे असें नाहीं, मिरज-पंढरपूरची गाडीहि चालेल. आणि तीं परत आल्यावर, आतां तुम्ही विश्रांति घ्या, असें म्हणून त्यांस कोपऱ्यांत बसवूं नये. तटावरचे पहारेकरी काढल्यावर लुक्कानें तेथें झाडें लावलीं. तसें त्यांस घरांत नवें काम काढून द्यावें. आमच्या घरीं तें काम ठरलें आहे. सौ. नें आईंजवळ वही घेऊन बसावयास आरंभ केला असून घरांतील लेकीसुनांचीं नांवें, माहेरें व हकीकती ती उतरून घेत आहे. चुलत आजींचें माहेरचें नांव गंगा होतें, हें पहिल्याच दिवशीं कळलें. इटलीस जाणाऱ्यांनीं मात्र एका दिवसांत दोनच गांवें धरावीं, पायांत जुनी सवयीची पादत्राणें घालावीं, आणि लुक्कास गेल्यास तटावर स्वस्थ बसण्याकरितां निदान एक तास राखून ठेवावा. तेथें सावलींत बाकें आहेत.